आणि लू व्हिटेकरचं काय?

डिसेंबर २०२५ मधला पहिला रविवार, रात्री आठचा सुमार. डेट्रॉइटजवळच्या आमच्या उपनगरात ह्या दिवसांत पाच-साडेपाचलाच अंधार गुडुप होतो, ड्राइव्हवेवर बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता आणि मी त्यावर मीठ टाकत होतो. शेजारचे आजोबा गॅरेजच्या दारात उभं राहून फोन बघत होते. आयुष्यभर गाड्यांच्या कारखान्यात डाय बनवल्या ह्या माणसानं, आता ऐंशीच्या घरात आलेत, माझी मुलगी लहानपणापासून त्यांना आजोबाच म्हणते. त्या दिवशी बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या दालनाच्या, समितीचा निकाल लागणार होता हे मला माहीत होतं, म्हणून इथूनच विचारलं, कोण आलं? म्हणाले, "जेफ केंट. एकटाच. बाँड्स नाही, क्लेमेन्सपण नाही." (हे दोघं ताकद वाढवणाऱ्या औषधांच्या आरोपांत अडकलेले मोठे खेळाडू.) मग फोन जाकिटाच्या खिशात टाकला, थोडं थांबले आणि म्हणाले, "आणि लूचं काय? लू तर यादीतच नव्हता." एवढं बोलून आत गेले. रागावलेले वगैरे अजिबात नव्हते, आवाज नेहमीसारखाच.

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. हरणं समजू शकतो, निवडणुकीत उभं राहायचं म्हणजे पडायची तयारी पाहिजेच. पण एखाद्याला नाही म्हणायचं तरी आधी त्याचं नाव कोणीतरी घ्यावं लागतं की नाही? डेट्रॉइट टायगर्स ह्या आमच्या टीमचा जुना सेकंड बेसवाला लू व्हिटेकर, त्याचं तेवढंही झालं नव्हतं, आणि तेही पहिल्यांदा नव्हे.

बेसबॉलचं हे हॉल ऑफ फेम न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन नावाच्या एवढ्याशा गावात आहे. पहिली निवड १९३६ ची, पाच जण आले, टाय कॉब, बेब रूथ, होनस वॅग्नर, क्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन, आणि १९३९ मध्ये म्युझियमचं दार उघडलं. मत देतात ते बेसबॉल कव्हर करणारे पत्रकार, दहा वर्षं सलग संघटनेत काढलेले. खेळाडूनं कमीत कमी दहा सीझन खेळलेले हवेत, निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली हवीत, मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहा नावांवर खूण करायची, आणि निवडून यायला ७५ टक्के लागतात. ७५ टक्के म्हणजे चारातल्या तिघांचं एकमत, इथं कुठल्याही दोन माणसांचं बेसबॉलवर एकमत होत नाही तिथं! बेब रूथलासुद्धा त्या पहिल्या वर्षी २२६ पैकी २१५ च मिळाली. शंभर टक्के मतं आजवर एकट्या मारियानो रिव्हेराला पडलीत, २०१९ मध्ये, ४२५ पैकी ४२५. इचिरोला २०२५ मध्ये एक मत कमी पडलं, ३९४ पैकी ३९३, आणि ते एक मत न देणारा कोण ह्यावर किती दिवस चर्चा चालली होती. मला त्या चर्चेत कधी जीव वाटला नाही, ९९.७ टक्केवाल्याची काळजी कशाला करायची. मला छळतो तो दुसऱ्या टोकाचा नियम. पाच टक्क्यांच्या खाली आलात की नाव कायमचं पुसलं जातं, पुढच्या वर्षी मतपत्रिकेवर तुम्ही नाही. मग उरते ती फक्त सोळा जणांची समिती, पत्रकारांकडून राहून गेलेल्यांचा नंतर विचार करणारी. लू व्हिटेकर २००१ मध्ये पहिल्यांदा त्या पत्रिकेवर आला, ५१५ पैकी १५ मतं पडली, २.९ टक्के. संपलं. एकोणीस सीझनचा हिशोब एका दुपारी मिटवून टाकला.

मी त्याला खेळताना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, मी इथं आलो तेव्हा तो निवृत्त झालेला होता. पण डेट्रॉइटमध्ये राहून त्याचं नाव कानावर न पडणं शक्यच नाही. जुनं टायगर स्टेडियम होतं मिशिगन आणि ट्रंबल ह्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, आता पाडलं, तिथं तो बॅटिंगला आला की सगळं स्टेडियम "लूऽऽऽ" करून घुमायचं. नवख्या माणसाला वाटायचं, लोक "बूऽऽऽ" करून ह्याची हुर्यो उडवतायत की काय. आजोबा अजून तो आवाज काढून दाखवतात, ओठांचा चंबू करून, छातीतून, आणि काढताना त्यांचा चेहरा पन्नास वर्षांनी लहान होतो. त्यांच्याकडनं ऐकून ऐकून, जुने व्हिडिओ बघून आणि आकडे वाचून माझा लू तयार झाला.

पण सेकंड बेस म्हणजे काय चीज आहे ते कळलं मुलीमुळे. ती शाळेत सॉफ्टबॉल खेळायची, सेकंड बेसवर. आपण क्रिकेटवाले, आपल्याला वाटतं बेसबॉल म्हणजे पिचर आणि बॅटर, बाकीचे आपले उभे. मग एका प्रॅक्टिसला कुंपणाला टेकून नीट बघितलं. बॉल शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधल्या फिल्डरकडे, जमिनीवरून जातो, तो उचलून सेकंड बेसकडे फेकतो, त्याच वेळी फर्स्टवरचा रनर अंगावर धावून येत असतो, आणि सेकंड बेसवालीची त्याच्याकडे पाठ किंवा फार तर खांदा. बघायला वेळच नाही. ग्लव्हमध्ये बॉल येतो न येतो तोच तो दुसऱ्या हातात, डावा पाय बेसला पुसटसा लागतो, अंग हवेत वळतं आणि बॉल फर्स्टकडे सुटलेला असतो, खाली रनर घसरत येऊन पायाशी आदळतो. डबल प्ले, एका बॉलवर दोन आउट. हे सगळं डोळ्यांनी धड दिसतसुद्धा नाही इतक्या लवकर होतं. मुलीच्या नडग्या सीझनभर काळ्यानिळ्या असायच्या. तिच्या कोचनं मुलींना टॅबवर एक जुना व्हिडिओ दाखवला होता, ट्रॅमेलचा थ्रो आणि व्हिटेकरचं वळणं, आणि म्हणाला होता, ह्याचे पाय बघा, फक्त पाय. मीपण मुलींच्या मागून वाकून बघितलं. घाई अशी कुठेच नव्हती. रनर येतोय हे त्याला पाठीनं कळत असावं.

ॲलन ट्रॅमेल शॉर्टस्टॉप, व्हिटेकर सेकंड बेस. एक कॅलिफोर्नियातला गोरा पोरगा, दुसरा व्हर्जिनियातल्या मार्टिन्सव्हिलचा काळा, दोघं मायनर लीगपासून एकत्र. ९ सप्टेंबर १९७७ ला बॉस्टनच्या फेनवे पार्कवर दोघांनी एकाच मॅचमध्ये पदार्पण केलं आणि १९९५ पर्यंत शेजारी शेजारी खेळले, १,९१८ मॅचेस, अमेरिकन लीगमध्ये एवढा काळ एकत्र खेळलेली दुसरी जोडी नाही. १९८४ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची वर्षाची फायनल, दोघांनी मिळून जिंकली. ट्रॅमेलला पत्रकारांनी पंधरा वर्षं पत्रिकेवर ठेवला, निवडला नाही, पण ठेवला, आणि डिसेंबर २०१७ मध्ये समितीनं त्याला आत घेतला. २०१८ च्या जुलैमध्ये कूपरस्टाउनला भाषण करताना त्यानं समोर लोकांत बसलेल्या लूकडे बघून म्हटलं की एक दिवस तूही इथं असावास अशी माझी इच्छा आहे. ते भाषण आम्ही घरी लाइव्ह बघत होतो. डबल प्लेमधला अर्धा माणूस स्टेजवर आणि अर्धा खाली खुर्चीत, हे बघून माझ्या पोटात काहीतरी तुटलं.

लूचे आकडे वाईट आहेत का? २,३६९ हिट्स, २४४ होमरन्स, १,१९७ वॉक्स (पिचरचे चार बॉल बाहेर गेले की फुकट मिळणारा बेस), १९७८ चा रुकी ऑफ द इयर, म्हणजे नवख्यांत सर्वोत्तम, पाचदा निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार मॅचमध्ये, फिल्डिंगची तीन गोल्ड ग्लव्ह. हल्ली वॉर नावाचा एक आकडा काढतात, त्या जागी कोणीही सहज मिळणारा साधा खेळाडू खेळवला असता तर टीमनं किती मॅचेस कमी जिंकल्या असत्या ह्याचा तो हिशोब. व्हिटेकरचा पंचाहत्तरच्या आसपास आहे, ट्रॅमेलचा सत्तरच्या, आणि परवा निवडून आलेल्या जेफ केंटचा पंचावन्नच्या. केंटवर माझा राग नाही, सेकंड बेसवाल्यांत सगळ्यात जास्त होमरन्स त्याच्या नावावर आहेत, २००० चा एमव्हीपी, म्हणजे लीगमधला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू, सोळापैकी चौदा मतं पडली, आनंद आहे. पण मग लूला काय कमी होतं? मला विचाराल तर आवाज कमी होता. तो मोठं बोलायचा नाही, पत्रकारांसमोर रेंगाळायचा नाही, एखादा सीझन गाजवून सोडला असंही नाही, दरवर्षी तेच चांगलं काम तितक्याच चांगल्या रीतीनं. त्यात २००१ साली वॉक घेऊन बेसवर जाण्याची कोणाला फारशी किंमत नव्हती. ३,००० हिट्स नाहीत, एमव्हीपी नाही, म्हणजे पत्रिकेवर पेन थांबायला काही कारणच नाही.

त्याची एकच गोष्ट सगळ्या अमेरिकेला माहीत आहे, ती १९८५ च्या ऑल-स्टार मॅचची. मिनियापोलिसला मॅच, आणि हा युनिफॉर्म घरी गाडीत विसरून आला. मग स्टेडियममध्ये पब्लिकसाठी विकायला ठेवलेली टायगर्सची जर्सी आणली आणि पाठीवर मार्करनं हातानं १ काढला. देशातले सगळ्यात मोठे खेळाडू लाइनीत उभे आणि त्यात ह्याच्या पाठीवर शाळकरी पोरानं काढावा तसा आकडा. ती जर्सी पुढे स्मिथसोनियननं मागून घेतली. आकडा हातानं काढलेली जर्सी राष्ट्रीय म्युझियममध्ये गेली आणि ती घालून खेळलेल्या माणसाला कूपरस्टाउनमध्ये जागा नाही.

कूपरस्टाउनला आम्ही मुलीला घेऊन गेलो होतो. डेट्रॉइटहून दिवसभराचा ड्राइव्ह, शेवटचा रस्ता शेतांमधून, गाई, लाल कोठारं, आणि मग एकदम ते लेकच्या काठाचं गाव, मेन स्ट्रीटवर प्रत्येक दुकानात बॅटी नि टोप्या. पाट्यांच्या दालनात शिरलं की आवाज आपोआप खाली येतो. ओकच्या भिंती, ब्राँझच्या पाट्या, प्रत्येकीवर चेहरा कोरलेला आणि खाली चार ओळी. माणसं आपापल्या शहराचा माणूस शोधतात. एक आजी व्हीलचेअरवरून एका पाटीकडे नुसती बघत होत्या, मुलगा मागं उभा, दोघांत बोलणं काही नाही. वर म्युझियममध्ये मात्र वेगळाच कारभार. तिथं बॅरी बाँड्सचा ७५६ वा होमरन मारलेला बॉल आहे, ज्यानं तो विकत घेतला त्यानं त्यावर फुलीसारखं तारकाचिन्ह, म्हणजे हा विक्रम संशयाचा अशी खूण, उमटवून मग म्युझियमला दिला. सट्ट्यामुळे बंदी आलेल्या पीट रोझच्या वस्तूही आहेत. म्हणजे बॉल चालतो, बूट चालतात, माणूस चालत नाही. मुलीनं विचारलं, बाबा, मग हे खरं घडलं की नाही? मी म्हटलं, घडलं. त्यापुढे तिला काय सांगायचं ते मला तिथं उभ्या उभ्या सुचलं नाही, पण नंतर खूप विचार केला आणि आता माझं मत पक्कं आहे, ते सांगतो.

बाँड्सला घ्यायला पाहिजे. ७६२ होमरन्स, सात एमव्हीपी, औषधांचं प्रकरण घडलंच नाही असं मी म्हणत नाही, पाटीवर तेही लिहा, ठळक लिहा. पण ज्या काळात अख्खा खेळ डोळे मिटून बसला होता त्या काळचा कमिशनर, म्हणजे बेसबॉलचा प्रमुख, बड सेलिग २०१७ पासून त्याच भिंतीवर आहे. मालकांनी तिकिटं विकली, टीव्हीनं जाहिराती विकल्या, आणि पाप फक्त बॅट धरणाऱ्याचं? पत्रकारांनी त्याला शेवटच्या, दहाव्या वर्षी ६६ टक्क्यांवर सोडला आणि परवाच्या समितीत तर पाच मतंसुद्धा पडली नाहीत. चारित्र्याचा नियम आहे म्हणतात, सचोटी, खिलाडूवृत्ती, हे सगळं मतदारांच्या सूचनेत लिहिलेलं आहे. असेना. पण काळ्या खेळाडूंबरोबर मैदानात उतरायला नकार देणारा कॅप ॲन्सन १९३९ पासून आत आहे, ज्याच्या चोवीस वर्षांच्या कारकिर्दीत एकही काळा माणूस मेजर लीगमध्ये आला नाही तो कमिशनर लँडिस आत आहे, आणि बॉलला थुंकी-ग्रीस लावायचो हे स्वतः कबूल केलेला गेलॉर्ड पेरीही आत आहे. चारित्र्याची फुटपट्टी लावायची तर ती सगळ्या भिंतीला लावा.

रोझच्या बाबतीत मात्र माझं मन वळत नाही. ४,२५६ हिट्स, त्याच्यापेक्षा जास्त कोणाच्याच नाहीत, आणि तो मॅनेजर असताना स्वतःच्या टीमच्या मॅचेसवर पैसे लावत होता. १९८९ मध्ये कायमची बंदी, पंधरा वर्षं नाही नाही म्हणत राहिला, २००४ मध्ये कबूल केलं. औषधं घेतलेला माणूस निदान जिंकायला बघत असतो. सट्टा लावलेल्या मॅनेजरनं थकलेल्या पिचरला आज का खेळवलं हे कधी कळणारच नाही, आणि एकदा तो संशय आला की खेळ बघण्यात उरतं काय? आपण क्रिकेटवाल्यांनी २००० साली ते भोगलंय, मॅच बघताना प्रत्येक सुटलेल्या कॅचकडे वेगळ्या नजरेनं बघितलंय, मला हे कोणी पटवून द्यायला नको. रोझ सप्टेंबर २०२४ मध्ये गेला, मे २०२५ मध्ये कमिशनरनी जाहीर केलं की मरण पावलेल्यांवरची बंदी संपते, आता डिसेंबर २०२७ मध्ये त्याचं नाव समितीपुढे येऊ शकतं. मला मत असतं तर मी दिलं नसतं. पण बंदी उठवायचीच होती तर माणूस समोर असताना उठवायची, त्याच्याकडे बघून, हेही तितकंच खरं वाटतं मला.

कारण हे मेल्यावर बोलावणं धाडायचं ह्या संस्थेचं जुनंच आहे. शिकागो कब्जचा रॉन सँटो, डायबेटिसनं दोन्ही पाय गेले तरी रेडिओवर बोलत राहिला, वर्षानुवर्षं फोनची वाट बघितली, डिसेंबर २०१० मध्ये गेला आणि २०११ च्या डिसेंबरात निवडून आला. डिक ॲलन एका मतानं हुकला, २०२० मध्ये गेला, मेल्यावर पुन्हा एका मतानं हुकला, २०२४ मध्ये निवडला. डेव्ह पार्करला निदान बातमी कळली, पण सोहळ्याच्या महिनाभर आधी तोही गेला, त्याच्या जागी मुलानं भाषण केलं आणि वडिलांनी लिहून ठेवलेली कविता वाचली. आणि बक ओनील. निग्रो लीग्जचा, म्हणजे काळ्या खेळाडूंना मेजर लीगमध्ये घेत नसत तेव्हाच्या त्यांच्या वेगळ्या लीग्जचा, हा खेळाडू आणि मॅनेजर, त्या लीग्जच्या आठवणी देशभर फिरून सांगत राहिला म्हणून लोकांना त्या माहीत तरी झाल्या. २००६ मध्ये खास समितीनं निग्रो लीग्ज आणि त्याआधीच्या काळातले सतरा जण निवडले आणि बक त्यात नव्हता. त्या सतरांतलं एकही जण हयात नव्हतं. मग त्यांच्या वतीनं बोलायला कोण गेलं? चौऱ्याण्णव वर्षांचा बकच गेला. सगळ्यांना एकमेकांचे हात धरायला लावले आणि गाणं म्हणायला लावलं. ती क्लिप मी अजून सलग बघू शकत नाही. ऑक्टोबरमध्ये तो गेला. निवड झाली डिसेंबर २०२१ मध्ये.

हे आठवलं की मला हटकून बाबा आठवतात. दादरला आमच्या घरात एक प्रश्न कायम असायचा, पॅडीचं काय? पद्माकर शिवलकर. शिवाजी पार्कवर त्यांची बोलिंग बघत बाबांची तरुण वर्षं गेली, ७२-७३ ची रणजी फायनल, तामिळनाडूविरुद्ध १६ धावांत ८ विकेट्स, हे बाबा पाढ्यासारखं म्हणायचे. ५८९ फर्स्ट क्लास विकेट्स आणि एकही टेस्ट नाही, कारण त्याच काळात बेदी होता. बेदी थोरच, बाबा त्याबद्दल कधी वाद घालायचे नाहीत, पण पॅडी थोर नव्हता हेही कोणाला म्हणू द्यायचे नाहीत. २०१७ मध्ये बोर्डानं शिवलकरांना जीवनगौरव दिला, तेव्हा ते सत्तरीत होते. बाबांनी मला इकडे फोन केला, आवाज दाटलेला, म्हणाले, उशीर केला रे, पण हातात दिला. मार्च २०२५ मध्ये शिवलकर गेले तेव्हा सगळ्यात आधी बाबांचं हेच वाक्य आठवलं.

लू व्हिटेकर १९५७ चा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये टायगर्सनी त्याचा १ नंबर रिटायर केला, आता कोमेरिका पार्कच्या विटांच्या भिंतीवर तो आकडा आहे, आणि त्या दिवशी स्टेडियमनं पुन्हा तो जुना "लूऽऽऽ" केला. आजोबा मुलाबरोबर गेले होते, दोन दिवस त्यांचा घसा बसला होता. म्हणजे शहरानं आपलं काम केलंय. राहिलं कूपरस्टाउन. २०१९ मध्ये समितीसमोर त्याचं नाव आलं होतं, सोळापैकी सहा मतं पडली, बारा लागतात. त्यानंतर २०२२ च्या यादीत नाही, २०२५ च्या यादीत नाही. आठच नावं काढतात, आणि बाँड्स-क्लेमेन्ससारखी दणदणीत नावं दोन्ही वेळा होती, मग सगळी भांडणं त्यांच्यावर, सगळी जागा त्यांना. ज्यानं काही वाईट केलं नाही त्याच्याबद्दल भांडायला कोणाला वेळ नाही.

१९८० नंतरच्या खेळाडूंसाठी पुढची समिती डिसेंबर २०२८ मध्ये बसेल. नव्या नियमानं पाचपेक्षा कमी मतं पडलेल्यांना त्या वेळी यादीत येता येत नाही, म्हणजे बाँड्स नाही, क्लेमेन्स नाही, आठातल्या जागा मोकळ्या. लू तेव्हा एकाहत्तरचा असेल. काल कचऱ्याचे डबे बाहेर लावताना मी हा हिशोब आजोबांना सांगितला. त्यांनी बोटांवर वर्षं मोजली, मग म्हणाले, "ट्रॅमेलपण असेल तेव्हा. त्यालाच घोषणा करायला लावा." मी म्हटलं, लावू.